शिकागोत मराठी पुस्तक शोधताना

१९६५ च्या आसपास पुण्यात छापलेली एखादी कादंबरी. प्रकाशन केव्हाच बंद पडलेले, दुसरी आवृत्ती निघालेली नाही, गावच्या वाचनालयातली प्रत वाळवीने संपवलेली आणि लेखकाच्या घरीही एक प्रत शिल्लक नाही. अशा पुस्तकाच्या मागे लागलेल्या माणसाला जाणकार ग्रंथपाल एक सल्ला देतात: अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या याद्या एकदा चाळून बघा. ऐकणाऱ्याला आधी तो विनोद वाटतो. पण शिकागो विद्यापीठाच्या रेगेन्स्टाइन ग्रंथालयात दक्षिण आशियाचा जो संग्रह आहे, त्यात मराठी पुस्तकांचे कप्पेच्या कप्पे आहेत. इतिहास, संतवाङ्मय, चरित्रे यांच्या शेजारीच इकडे विस्मृतीत गेलेले कवितासंग्रह आणि साध्या कथा-कादंबऱ्याही तिथे क्रमांक लावून ठेवलेल्या असतात.

या संग्रहाचा उपयोग करायला शिकागोला जावेच लागते असे नाही, आणि प्राध्यापक असण्याचीही अट नाही. आपल्या गावाचा, घराण्याचा, एखाद्या लेखकाचा किंवा नुसत्या एका शब्दाचा माग काढणाऱ्या कोणाही वाचकाला त्यातले बरेच काही घरबसल्या मिळते. मात्र अशा ग्रंथालयाशी वागायची एक रीत आहे. ती ठाऊक नसेल तर यादीत असलेले पुस्तकही सापडत नाही. ही रीत समजून घ्यायची तर आधी ही पुस्तके तिथवर पोचली कशी, ते पाहायला हवे.

गव्हाच्या पैशातून पुस्तके

१९५४ साली अमेरिकेने ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. जुन्या पिढीच्या तोंडी तो ‘पीएल ४८०’ म्हणून आहे. या कायद्याखाली भारताला अमेरिकेचा गहू मिळाला आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करता आली. हे रुपये अमेरिकेला भारताबाहेर नेता येत नव्हते, ते इथेच साठत गेले. १९५८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यातला काही भाग पुस्तकखरेदीवर खर्च करण्याची मुभा अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला, मिळाली. १९६२ मध्ये या कामासाठी तिचे दिल्लीचे कार्यालय सुरू झाले. भारतीय भाषांतली नवी प्रकाशने तिथून घाऊक प्रमाणात विकत घेतली जाऊ लागली आणि योजनेत सामील असलेल्या अमेरिकी विद्यापीठांकडे त्यांच्या प्रती रवाना होऊ लागल्या. शिकागो हे त्यांपैकी एक महत्त्वाचे विद्यापीठ होते. रुपयांचा साठा पुढे संपला, पण दिल्लीचे कार्यालय चालू राहिले आणि विद्यापीठे स्वतःचे पैसे मोजून पुस्तके मागवत राहिली.

वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. १९६२ नंतरचे मराठी पुस्तक अमेरिकेत असण्याची शक्यता चांगली असते. त्याआधीचे असेल तर शोधाची दिशा बदलायला हवी.

१८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक याद्या निघत आणि त्यांतून निवडलेली पुस्तके लंडनला जात. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी तयार केलेली ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ ची आहे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकासाठी ती पहिली पायरी ठरते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानंतर प्रकाशित झालेले पुस्तक मुंबईच्या टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जमा झालेले असायला हवे.

उरला मधला काळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेले आणि लंडनला न गेलेले पुस्तक आपल्याच जुन्या वाचनालयांत शोधावे लागते. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) ही तिन्ही ठिकाणे त्यासाठी धुंडाळावीत. त्याच्याही आधी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथ सूची’ उघडावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तके नोंदलेली आहेत. पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि साल तिच्यातून पक्के करून घेतले की पुढच्या प्रत्येक ठिकाणचा शोध निम्म्याने सोपा होतो.

घरबसल्या काय मिळते

शिकागो विद्यापीठाने ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ नावाने बरेच साहित्य इंटरनेटवर मोफत खुले केले आहे. मराठी वाचकाने सुरुवात करावी ती तिथल्या शब्दकोशांपासून. मोलस्वर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण छापखान्याने काढलेला शालेय कोश (१९११), यशवंत रामकृष्ण दाते आदींनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून), फलटणला राहून मराठीचे काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी–इंग्रजी कोश (१९८२–८३) आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) असे पाच कोश तिथे आहेत. यादवकाळापासून आजपर्यंतचा एखाद्या शब्दाचा प्रवास त्यांतून एका बैठकीत पाहता येतो.

कोश वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली जुन्या लेखनाची. मोलस्वर्थच्या काळी ‘करणें’, ‘रुमणें’, ‘केळें’ असे अनुस्वारासह लिहीत. आजचे ‘करणे’ टाकून काही मिळाले नाही, तर अनुस्वार देऊन पुन्हा शोधावे. दुसरी गोष्ट शोधाच्या प्रकाराची. केवळ मथळ्याच्या शब्दांत शोध घेता येतो तसा कोशाच्या सगळ्या मजकुरातही घेता येतो, आणि खरी गंमत या दुसऱ्या प्रकारात आहे. नांगर, होडी किंवा माग यांच्यासाठीचा इंग्रजी शब्द टाकून मोलस्वर्थमध्ये संपूर्ण मजकूर शोधला, तर त्या वस्तूचे भाग, प्रकार आणि कामे सांगणाऱ्या मराठी शब्दांची रांगच समोर येते. ग्रामीण जीवनावर लिहिणाऱ्या लेखकाला किंवा दलित-बहुजन समाजांच्या व्यवसायांचा अभ्यास करणाऱ्याला ही मोठीच मदत आहे. शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर असते, ते त्याचे मूळ सांगते: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी. मात्र हे मूळ १८५७ च्या समजुतीचे आहे हे विसरू नये. नंतरच्या संशोधनाशी ते ताडून पाहावे.

कोशांखेरीज ‘इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’चे खंड आणि जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी संपादित केलेला दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह (१९७८) हेही इथे पूर्ण पाहता येतात. गॅझेटियर वाचताना एक घोटाळा टाळावा. ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये जिल्ह्याची वा गावाची माहिती थोडक्यात असते. नाशिक, सातारा, रत्नागिरी अशा एकेका जिल्ह्याची तपशीलवार माहिती हवी असेल तर जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेले ‘गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’चे खंड पाहावे लागतात. ती मालिका वेगळी आहे.

शिकागोशीच जोडलेला ‘साउथ एशिया युनियन कॅटलॉग’ हा दक्षिण आशियात छापलेल्या पुस्तकांची आणि नियतकालिकांची एकत्र यादी करण्याचा प्रकल्प आहे. त्याची काळमर्यादा १५५६ पासून सुरू होते. हे साल गोव्याचे आहे. भारतातला पहिला छापखाना त्याच वर्षी जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला होता.

शिकागोतच ‘सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज’ ही ग्रंथालयांची सामाईक संस्था आहे. दक्षिण आशियातली जुनी नियतकालिके आणि सरकारी अहवाल यांच्या मायक्रोफिल्म करण्याचा सहकारी उपक्रम तिच्या आश्रयाने १९६७ मध्ये सुरू झाला. त्याच परंपरेतून २०१९ मध्ये ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्हज’ हा संग्रह जेस्टॉर या संशोधनलेखांच्या संकेतस्थळावर खुला झाला. जेस्टॉरवरचे बरेचसे लेख सभासदत्वाशिवाय वाचता येत नाहीत, हा संग्रह मात्र सर्वांना मोफत आहे. शिरगणतीचे अहवाल, प्रशासनाचे वार्षिक अहवाल आणि देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे सरकारने करवून घेतलेले इंग्रजी गोषवारे अशा गोष्टी त्यात शोधाव्यात. ज्या वृत्तपत्राचा एकही अंक हाती लागत नाही, ते कशावर काय लिहीत होते, हे कधी कधी केवळ या गोषवाऱ्यांतून कळते. अर्थात हे गोषवारे राज्यकर्त्यांना कशाची धास्ती वाटत होती त्यानुसार निवडलेले आहेत. पाककृती, नाटकांच्या जाहिराती, व्याख्यानांची वर्णने त्यांत आली नाहीत म्हणून ती वृत्तपत्रातही नव्हती असे समजू नये.

नाव कसे टंकायचे

मराठी वाचकाची सर्वात मोठी अडचण इथे होते. अमेरिकी ग्रंथालयांच्या यादीत मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत असते, आणि ते आपण मोबाइलवर लिहितो त्या पद्धतीचे नसते. अलीकडच्या काही नोंदींत देवनागरीही दिलेली असते, त्यामुळे आधी देवनागरीत एकदा शोधून पाहायला हरकत नाही. पण काही मिळाले नाही म्हणजे पुस्तक नाही, असे समजून थांबू नये. जुन्या नोंदी बहुतेक फक्त रोमनमध्ये आहेत आणि त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर नियमांनुसार केलेल्या आहेत.

त्या नियमांतले चार मुद्दे पाठ केले तरी बहुतेक काम भागते.

पहिला: व्यंजनातला ‘अ’ उच्चारात असो वा नसो, तो लिहिला जातो. आपण ‘शब्दकोश’चा शेवटचा ‘अ’ म्हणत नाही, पण यादीत तो शब्द एस-ए-बी-डी-ए-के-ओ-एस-ए असा आहे. शिरवाडकरांचे आडनाव एस-आय-आर-ए-व्ही-ए-डी-ए-के-ए-आर-ए असे शोधावे लागते, आणि माडगूळकर, गोडबोले या आडनावांतही मधले ‘ए’ घालावे लागतात.

दुसरा: ‘च’ साठी फक्त सी, आणि सी-एच ही जोडी ‘छ’ साठी. ‘चरित्र’ शोधताना सी-एच टाकले की हाती काही लागत नाही.

तिसरा: अक्षरांवरच्या रेघा आणि खालची टिंबे शोधताना गाळली तरी चालतात. त्यामुळे ‘श’ आणि ‘स’ या दोहोंसाठी साधा एस पुरतो, ‘त’ आणि ‘ट’ साठी टी, ‘न’ आणि ‘ण’ साठी एन. ‘ष’ मात्र अपवाद समजावा. अनेक नोंदींत तो एस-एच असा आहे, त्यामुळे ‘कृष्ण’ किंवा ‘महाराष्ट्र’ असलेली नावे एस-एच घालून आणि नुसत्या एसने अशी दोन्ही प्रकारे तपासावीत.

चौथा: अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘संत’मध्ये एन, ‘संपूर्ण’मध्ये एम, ‘संशोधन’मध्ये पुन्हा एम. शब्दाच्या शेवटचा जुना अनुस्वारही एम म्हणून येतो.

एक उदाहरण घेऊ. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ हे १८९८ पासून २२ खंडांत निघालेले काम. हे नाव जुन्या वळणाने लिहिलेले असल्यामुळे शेवटच्या शब्दात एम असण्याची शक्यता आहे, आजच्या वळणाच्या नोंदीत तो नसेल. अशा वेळी ‘साधन’पर्यंतची रोमन अक्षरे टंकून पुढे तारांकन द्यावे. तारांकनाने शब्दाची पुढची सगळी रूपे एकदम शोधली जातात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळे ही युक्ती फार उपयोगी पडते.

लेखकांच्या नावांत आणखी एक खोच आहे. जे स्वतः इंग्रजीतही लिहीत, त्यांचे नाव त्यांच्याच इंग्रजी स्पेलिंगने नोंदवण्याची प्रथा आहे. डॉ. आंबेडकर यांचे नाव नियमानुसार न लिहिता त्यांनी स्वतः वापरलेल्या स्पेलिंगनेच यादीत आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची पुस्तके टोपणनाव आणि खरे नाव या दोन्हींखाली शोधावीत.

एका पुस्तकावरून दहा पुस्तकांकडे

हवे ते एक पुस्तक सापडले की लगेच बाहेर पडू नये. त्याच्या नोंदीत खाली इंग्रजीत विषयशीर्षके दिलेली असतात. त्यांवर क्लिक केले की त्याच विषयावरची मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन अशी सगळी पुस्तके एकत्र दिसतात. वारकरी संप्रदायावरच्या एखाद्या मराठी पुस्तकापासून निघून त्याच विषयावरच्या परदेशी प्रबंधापर्यंत असे दोन पावलांत पोचता येते.

दुसरा दुवा वर्गांकाचा. भारतातल्या वाचनालयांत बहुधा दशांश वर्गीकरण असते, शिकागोत लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत आहे. तिच्यात डीएस या अक्षरांखाली आशियाचा इतिहास आणि पीके या अक्षरांखाली भारत-इराणी भाषा व त्यांचे साहित्य येते. मराठीतल्या स्वतंत्र लेखकांची पुस्तके पीके २४१८ या क्रमांकाखाली मिळतात. यादीत वर्गांकाप्रमाणे चाळण्याची सोय असते. ती वापरून शेजारची पुस्तके पाहावीत, म्हणजे कपाटासमोर उभे राहून चाळल्याचा बराचसा फायदा घरी मिळतो.

विषय नवा असेल तर १९८१ सालचा एक जाडजूड ग्रंथ अजूनही उपयोगी आहे. शिकागोच्या दक्षिण आशिया संग्रहाची अनेक वर्षे जबाबदारी सांभाळलेल्या मॉरीन पॅटरसन यांनी ‘साउथ एशियन सिव्हिलायझेशन्स’ ही विषयवार ग्रंथसूची तयार केली. तिच्यात २८ हजारांहून अधिक नोंदी आहेत. पॅटरसन यांचा स्वतःचा अभ्यास महाराष्ट्रातल्या समाजाचा आणि राजकारणाचा असल्याने आपल्या विषयांना त्यात चांगली जागा मिळाली आहे. अर्थात १९८१ नंतरचे संशोधन वेगळे शोधावे लागते. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचायला मिळतात.

पुस्तक हातात कसे येते

यादीत नोंद सापडली म्हणजे पुस्तक शिकागोहूनच मागवायला हवे असे नाही. नोंदीतले अचूक रोमन नाव घेऊन ‘वर्ल्डकॅट’ या जागतिक सूचीत शोध घ्यावा. ते पुस्तक जवळच्या कुठल्या ग्रंथालयात आहे, हे तिथे दिसते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मार्ग सर्वात सोपा आहे. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असेल तर तिथल्या ग्रंथपालाकडे ‘इंटरलायब्ररी लोन’ची मागणी नोंदवावी आणि सोबत वर्ल्डकॅटमधला नोंदणी क्रमांक द्यावा. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातले मराठी पुस्तक अशा रीतीने टपालाने आपल्या गावी येते, बऱ्याचदा फुकट किंवा नाममात्र शुल्कात. दुर्मिळ आणि जीर्ण प्रती मात्र बाहेर दिल्या जात नाहीत.

भारतातल्या वाचकाने आधी ‘हाथीट्रस्ट’ पाहावे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या भांडारात अमेरिकी विद्यापीठांच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांचा साठा आहे आणि शिकागोही त्यात सहभागी आहे. तिथे काही पुस्तके पूर्ण उघडतात, काहींत फक्त शब्द शोधता येतो. पुस्तक उघडत नसले तरी शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे कळते, आणि नेमकी तेवढीच पाने मागता येतात. मात्र देवनागरी मजकुराची यांत्रिक अक्षरओळख अजून बेभरवशाची आहे, त्यामुळे ‘सापडले नाही’ या उत्तरावर विसंबू नये. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वरही भारतीय ग्रंथालयांत स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने आहेत.

कॉपीराइटचा गुंता इथेच उभा राहतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या प्रारंभापासून मोजून ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून भारतात सर्वांसाठी खुले आहे. अमेरिकी कायदा मात्र जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनाच्या सालापासून ९५ वर्षे मोजतो. त्यामुळे इथे मुक्त असलेले पुस्तक तिथल्या भांडारात बंद असू शकते, आणि तिथे उघडणारे पुस्तक पुण्यातल्या संगणकावर उघडत नाही असेही घडते. पुस्तक बंद दिसले की पहिल्यांदा हे कारण तपासावे आणि तेच पुस्तक भारतीय भांडारात शोधावे.

एवढे करूनही काम अडले तर विषयग्रंथपालाला पत्र लिहावे. मोठ्या विद्यापीठांत दक्षिण आशियासाठी स्वतंत्र ग्रंथपाल असतात आणि त्यांचे संपर्क विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. पत्र छोटे आणि नेमके असावे: पुस्तकाचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, लेखक, साल, यादीतला वर्गांक, आधी कुठे कुठे शोधले, आणि नेमके काय हवे. ‘पेशवाईवर काही माहिती पाठवा’ अशा पत्राला उपयोगाचे उत्तर मिळणे कठीण. ‘अमुक पुस्तकाच्या १९६८ च्या आवृत्तीची मुखपृष्ठामागची दोन पाने आणि तिसरे प्रकरण स्कॅन करून मिळेल का, शुल्क किती?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे सरळ उत्तर येऊ शकते.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

शिकागोला नातेवाइकांकडे जाणे झाले आणि सवडीचे दोन दिवस मिळाले, तर रेगेन्स्टाइनची वाट जरूर धरावी. शहराच्या दक्षिणेला हाइड पार्क भागात, ५७ व्या रस्त्यावर ही दगडी, करडी इमारत आहे. १९७० मध्ये ती खुली झाली. जुने स्टॅग फील्ड मैदान या जागेवर होते. त्याच मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया घडवली होती, आणि हेन्री मूर यांचे शिल्प शेजारीच ती घटना सांगत उभे आहे.

बाहेरच्या माणसाला सरळ आत शिरता येत नाही. पाहुण्या वाचकांसाठीचे नियम निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र, म्हणजे पासपोर्ट, जवळ ठेवावा. कोणती पुस्तके पाहायची त्यांची वर्गांकासह यादी घरूनच करून न्यावी. कारण सगळी पुस्तके कपाटात उभी नसतात. २०११ मध्ये शेजारी बांधलेल्या मान्सुएटो ग्रंथालयात, काचेच्या घुमटाखाली, ३५ लाख ग्रंथ मावतील असे भूमिगत कोठार आहे. तिथली पुस्तके संगणकावर मागणी नोंदवल्यावर यंत्राच्या हाताने काही मिनिटांत वर येतात, पण ती चाळत हिंडता येत नाही. संग्रहाचे आणखी काही भाग दूरच्या कोठारात असतील तर ते आधी कळवून मागवावे लागतात.

हस्तलिखिते, खासगी पत्रव्यवहार आणि लेखकांची कागदपत्रे विशेष संग्रह विभागात असतात. शिकागोत अनेक वर्षे शिकवलेले कवी-अनुवादक ए. के. रामानुजन यांची कागदपत्रे तिथे आहेत. अशा विभागात आगाऊ नोंदणी करावी लागते, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि पेनऐवजी पेन्सिल वापरावी लागते. प्रत्येक छायाचित्राबरोबर पेटी आणि फाइलचा क्रमांकही टिपून घ्यावा. पुढे लेखात संदर्भ देताना तो नसेल तर छायाचित्राचा काही उपयोग होत नाही.

शिकागोपलीकडे

सगळे काही शिकागोतच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मिनेसोटा विद्यापीठातले एम्स ग्रंथालय चार्ल्स लेस्ली एम्स या संग्राहकाने १९६१ मध्ये दिलेल्या खासगी संग्रहातून उभे राहिले. ब्रिटिश काळातल्या भारताविषयीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी ते पाहावे. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात भारतात राहिलेल्या इंग्रज कुटुंबांची कागदपत्रे आणि त्यांनी घरगुती कॅमेऱ्यावर टिपलेल्या फिल्म्स आहेत. त्यांतल्या अनेक फिल्म्स इंटरनेटवर पाहता येतात. लंडनच्या ‘सोआस’ या शिक्षणसंस्थेत मिशनरी संस्थांची दप्तरे आहेत. महाराष्ट्रात काम केलेल्या मिशनचा किंवा मिशन शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र ती मिशन कोणत्या देशाची होती हे आधी तपासावे. अहमदनगरची मराठी मिशन अमेरिकी होती, तिचे मूळ दप्तर लंडनमध्ये शोधून काय उपयोग? जर्मनीत हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवत. खंडोबा, धनगर आणि लोकदैवते हा विषय असेल तर तिथली यादी चाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घरातल्या कपाटाचे काय

शिकागोच्या ग्रंथालयाने केलेल्या एका कामातून महाराष्ट्राने घेण्यासारखे बरेच आहे. तमिळनाडूतल्या कोट्टैयूर गावी रोजा मुत्तय्या चेट्टियार नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका असे एक लाखाच्या घरातले साहित्य जमवले होते. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हा संग्रह शिकागो विद्यापीठाने विकत घेतला, पण जहाजात भरून अमेरिकेला नेला नाही. १९९४ मध्ये चेन्नईत त्याचे संशोधन ग्रंथालय सुरू झाले, तिथेच सूची आणि मायक्रोफिल्मचे काम झाले, आणि आज तमिळ छापील साहित्याच्या अभ्यासकाला त्या ग्रंथालयाला टाळून पुढे जाता येत नाही.

मराठी घरांतही असे संग्रह आहेत: आजोबांनी बांधून ठेवलेले मासिकांचे अंक, संगीत नाटकांच्या पदांच्या पुस्तिका, सत्यशोधक जलशांची आणि आंबेडकरी चळवळीची पत्रके, जुनी पंचांगे, साखर कारखान्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका. पुस्तकांच्या निदान प्रती कुठेतरी उरतात, पत्रके आणि स्मरणिका तर कोणत्याच कायद्याखाली नीट जमा झालेल्या नाहीत. असा संग्रह द्यायचा असेल तर आधी साधी यादी करावी: नाव, लेखक, प्रकाशक, छापखाना, गाव, साल. जीर्ण पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये आणि मुखपृष्ठ काढून पुन्हा बांधणी करू नये, कारण छापखान्याचा पत्ता, किंमत आणि जाहिराती हीदेखील इतिहासाची साधने आहेत. यादी दोन-तीन ग्रंथालयांना दाखवावी. ग्रंथालय सूची करणार का, संग्रह वाचकांना खुला करणार का, स्कॅन करणार का आणि दुबार प्रतींचे काय करणार, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. ज्या संस्थेकडे या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिला संग्रह देऊ नये. आणि जुने घर पाडायला काढले असेल, तर माळ्यावरचे गठ्ठे रद्दीच्या काट्यावर चढवण्याआधी ही यादी तेवढी करून घ्यावी.